अहो, गंमत केली!

न्यूकॅसल युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने पीटर बिअर्डस्ली यांना मुलांच्या प्रशिक्षकपदावरून घालवलं ते बरोबरच केलं, हे आधीच सांगून टाकतो. उपहासाचं सदर म्हटलं की लेखक नक्की कुणाच्या बाजूने आहे हे शोधत वाचकाला शेवटपर्यंत यावं लागतं आणि तोवर चहा गार होतो. तर मी क्लबच्या बाजूने आहे. आता क्लबची जरा विचारपूस करू.

आमच्या इमारतीतल्या काकांना हे अजिबात मान्य नाही. काका शनिवार-रविवार इंग्लंडच्या घड्याळावर काढतात. काकू जेवायला बसा म्हणतात तेव्हा तिकडे मध्यंतर झालेलं नसतं. "अरे, मॅराडोनासमोर उभा राहिलेला माणूस आहे तो!" काका म्हणाले.

उभे राहिले होते हे खरं. 22 जून 1986, मेक्सिको सिटी, विश्वचषकात अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. दूरदर्शनच्या कृपेने आपल्याकडेही लोकांनी तो सामना डोळे ताणून पाहिला. हाताने केलेल्या गोलनंतर मॅराडोना आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला आणि वाटेत ज्या इंग्रजांना चुकवत गेला त्यांच्यात बिअर्डस्ली होते. त्या वेळी इथे जो आनंद झाला त्याचा फुटबॉलशी फारसा संबंध नव्हता. पण ते जाऊ द्या. इंग्लंडकडून 59 सामने खेळलेला, 1987 मध्ये लिव्हरपूलने 19 लाख पौंड मोजून नेलेला, न्यूकॅसलच्या परिसरात लहानाचा मोठा झालेला आणि न्यूकॅसलसाठीच दोनदा खेळलेला हा माणूस. गावातल्या लोकांना तो देवाच्या खालोखाल.

2018 च्या जानेवारीत हे गृहस्थ क्लबच्या 23 वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक होते. तक्रारी आल्या की ते मुलांना छळतात, कातडीच्या रंगावरून बोलतात. बिअर्डस्लींनी आरोप नाकारले. क्लबने त्यांना रजेवर पाठवलं आणि चौकशी सुरू केली. याआधी 2003 मध्येही तरुण खेळाडूंना त्रास दिल्याची तक्रार त्यांच्याविरुद्ध झाली होती आणि प्रीमियर लीगच्या चौकशीत ते निर्दोष सुटले होते, हेही नोंदवायला हवं.

ते शेरे नेमके काय होते ते इथे छापत नाही. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी ईशान्येकडची मुलं-मुली आपल्याकडच्या कॉलेजात शिकायला येतात तेव्हा कँटीनमध्ये जाऊन बसावं. मजकूर वेगळा असेल, भाव तोच मिळेल. शिवाय विमानाचं तिकीट वाचेल.

चौकशी चालली तब्बल चौदा महिने. एका क्लबातल्या एका संघातल्या एका प्रशिक्षकाची! साक्षीदार सगळे एकाच मैदानावर रोज सकाळी सराव करणारे. आपल्याकडचे चौकशी आयोग मुदतवाढ घेतात तेव्हा निदान फायली जळालेल्या असतात, साक्षीदार फिरलेले असतात, एखादं सरकार पडलेलं असतं. इथे तसलं काहीही नसताना हा वेग साधला, त्याबद्दल क्लबचं अभिनंदनच करायला हवं. अखेर मार्च 2019 मध्ये एक छोटंसं निवेदन निघालं. क्लब आणि पीटर बिअर्डस्ली यांचे मार्ग वेगळे झाले आहेत, त्यांच्या योगदानाबद्दल क्लब आभारी आहे. चौकशीत काय निघालं? त्याबद्दल एक अक्षर नाही. काढलं की गेले? तेही नाही. मंत्री प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा देतात तेव्हा निदान प्रकृती तरी बदनाम होते. इथे कुणाच्याच अंगाला काही लागलं नाही.

मग त्यांच्याकडच्या फुटबॉलच्या शिखर संघटनेने, फुटबॉल असोसिएशनने, आरोप ठेवले आणि सहा महिन्यांत निकालही लागला. तीन आरोप सिद्ध. 32 आठवडे फुटबॉलपासून लांब राहायचं आणि एक शिकवणी वर्ग करायचा. क्लबला चौदा महिन्यांत जे जाहीरपणे उच्चारता आलं नव्हतं ते आरोपांची सुनावणी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने कागदावर लिहिलं. हे शेरे उघडउघड वर्णद्वेषी होते आणि बोलणाऱ्याची विनोदबुद्धी कशीही असली तरी खपवून घेण्यासारखे नव्हते. मात्र बिअर्डस्ली मनात आकस धरणारे वर्णद्वेषी नाहीत, असंही आयोग म्हणाला.

"बघ!" काकांनी टाळी वाजवली. "माणूस वाईट नाही म्हणतायत. गंमत केली रे त्याने! जुन्या वळणाचा माणूस, बोलून जातो."

जुन्या वळणाची ही माणसं मी खूप पाहिली आहेत. ती कुणाला बोलून जातात आणि कुणाला जात नाहीत याचा त्यांचा हिशेब मात्र बिनचूक असतो. वळण जुनं असतं, पण साहेब खोलीत आले की ते झटकन सरळ होतं.

बिअर्डस्लींच्या बाजूने आयोगाला लिहून देणाऱ्यांत कृष्णवर्णीय फुटबॉलपटू जॉन बार्न्सही होते. बार्न्स यांचा शब्द हलका नाही. 1987 च्या एकाच उन्हाळ्यात दोघं लिव्हरपूलला आले. त्या काळात बार्न्स यांच्यावर मैदानात केळी फेकली जायची आणि त्यातलं एक त्यांनी बुटाच्या टाचेने शांतपणे रेषेबाहेर ढकललं तो फोटो फुटबॉल पाहणाऱ्या जगाला ठाऊक आहे. इतक्या सोसलेल्या माणसाने 'हा वर्णद्वेषी नाही' म्हटलं तर आपण कोण नाही म्हणणार? फक्त एक गोष्ट. बार्न्स त्यांचे बरोबरीचे. कीर्ती काकणभर जास्तच. बार्न्सना संघात घ्यायचं की नाही हे बिअर्डस्ली ठरवत नव्हते. 23 वर्षांखालच्या संघातल्या पोराचं तसं नसतं. शनिवारी खेळायचं की बाकावर बसायचं, वरच्या संघाच्या प्रशिक्षकाच्या कानावर आपलं नाव जाईल की नाही, पुढच्या उन्हाळ्यात करार वाढेल की घरी जाऊन दुसरं काही शोधायचं, हे ज्याच्या हातात आहे तोच माणूस त्याच्या रंगावरून गंमत करतो. पोराने काय करावं? हसावं. आणि हसला की झालं. 'त्याला काही वाटलं नाही, तोही हसला' असं म्हणायला सगळे मोकळे.

क्लबचे तेव्हाचे मालक माइक ॲशली यांच्या रंगरूपावरून बिअर्डस्लींनी अशीच एखादी गंमत केल्याची नोंद कुठेही नाही. विनोदबुद्धी इतकी अनावर असती तर एखादी तरी तिकडे सांडली असती.

यातली खरी चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीवाल्यांनी बिअर्डस्लींच्या चेहऱ्यावरून त्यांची उभ्या कारकिर्दीत थट्टा केली. दिसण्यावरून इतकं हसं झालेला फुटबॉलपटू त्या देशात क्वचितच असेल. ते बिचारे मान खाली घालून खेळत राहिले. मग अशा माणसाला तरी कळायला नको का? पण सासुरवास भोगलेली सून सासू झाल्यावर काय करते हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. 'आम्ही नाही का सोसलं?' एवढं तिला पुरतं.

काका थोडे नरमले, पण हटले नाहीत. "मान्य. पण क्लबने तरी शिस्त पाळली ना? गैरवर्तन चालणार नाही म्हणाले आणि घालवलं."

आता आलो मुद्द्यावर. ॲशली यांच्या काळातल्या न्यूकॅसलमध्ये शिस्तीचा दर्जा फार उच्च होता, फक्त तो कशाला लावायचा याबद्दल मालकांची मतं स्वतंत्र होती. क्रिस ह्यूटन या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाने 2010 मध्ये घसरलेला संघ पुन्हा प्रीमियर लीगमध्ये आणला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघ अकराव्या क्रमांकावर असताना त्यांना नारळ दिला, का तर अधिक अनुभवी माणूस हवा. त्याला चौदा महिने लागले नाहीत. तीन दिवसांत ॲलन पार्ड्यू हजर, हातात साडेपाच वर्षांचा करार. 2012 मध्ये तो वाढवून आठ वर्षांचा केला. एवढी वर्षं पुढचं दिसणारा मालक आपल्याकडे फक्त विमा कंपनीत सापडेल.

आणि हेच पार्ड्यू 1 मार्च 2014 ला हल सिटीविरुद्धच्या सामन्यात रेषेजवळ उभे असताना प्रतिस्पर्धी खेळाडूच्या तोंडाशी गेले आणि त्याला डोक्याने ढुशी दिली. भर सामन्यात, कॅमेऱ्यांसमोर, हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने. फुटबॉल असोसिएशनने सात सामन्यांची बंदी घातली, 60 हजार पौंड दंड केला. क्लबने? एक लाख पौंड दंड, लेखी ताकीद आणि नोकरी कायम! डोक्याने चेंडू मारणं हा खेळाचा भागच आहे, चेंडूच्या जागी माणूस आला एवढंच, असा सूज्ञ विचार झाला असावा.

म्हणजे क्लबची आचारसंहिता अशी दिसते. संघ अकरावा आला तर हकालपट्टी. माणसाला ढुशी दिली तर दंड. आणि पोरांना रंगावरून बोललं तर चौदा महिने रजा, मग आभार.

मालकांच्या दुसऱ्या दुकानाची गोष्ट तर विचारूच नका. ॲशली यांच्या स्पोर्ट्स डायरेक्ट कंपनीच्या शायरब्रुक इथल्या गोदामातली कामाची पद्धत पाहून ब्रिटिश संसदेच्या समितीला 2016 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातली अनाथ-गरिबांची कामगृहं आठवली होती. त्याच मालकाने 2011 मध्ये सेंट जेम्सेस पार्क या शंभर वर्षांहून जुन्या मैदानाला आपल्या दुकानाचं नाव दिलं. लोक खवळले. पुढच्या वर्षी वोंगा नावाच्या सावकारी कंपनीशी जाहिरातीचा करार झाला, तेव्हा मैदानाचं जुनं नाव परत मिळालं. ही कंपनी वर्षाच्या हिशेबाने 5,853 टक्के व्याज लावायची आणि तिचं नाव खेळाडूंच्या छातीवर. आपल्याकडच्या सावकाराला हा आकडा दाखवला तर तो कोपरापासून नमस्कार करेल. अशा घरात वाढणाऱ्या मुलांना दुर्बळाशी कसं वागावं याचे धडे मिळत नव्हते, असं कोण म्हणेल? फक्त ते देणारे एकटे बिअर्डस्ली नव्हते. बाकीच्यांची क्लबात अशी चौकशी झाली नाही.

बिअर्डस्लींच्या वकिलांनी निकालानंतर एक तक्रार केली. अशा बोलण्याबद्दलचं नीट प्रशिक्षण त्यांना मिळायला हवं होतं, ते कधी दिलंच नाही म्हणे. हे वाचून आधी मलाही हसू आलं. साठीला टेकलेल्या माणसाला पोराचा रंग काढू नये हे शिकवायला वर्ग लागतो? पण त्यात क्लबवर मारलेली एक नेमकी चपराक आहे, वकिलांना अभिप्रेत असो वा नसो. चेंडू कसा अडवावा हे शिकवायला क्लबकडे माणसांचा ताफा. गोलरक्षकाला वेगळा माणूस, आहाराला वेगळा, मांडीच्या स्नायूंना वेगळा. आणि पोरांशी बोलावं कसं हे बघायला कुणीच नाही.

शिक्षेचंही नशीब बघा. 32 आठवडे म्हणजे पोटातलं मूलही त्याहून जास्त वेळ घेतं. त्यात ही बंदी 29 एप्रिल 2020 पर्यंतची, आणि मार्चच्या मध्यापासून करोनामुळे इंग्लंडमधलं सगळंच फुटबॉल बंद! शेवटचे सहा-सात आठवडे मेसीपासून आमच्या काकांपर्यंत सगळं जग बिअर्डस्लींच्या बरोबरीने बंदी भोगत होतं. काहीही न बोलता.

पण क्लब काहीच शिकला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 7 ऑक्टोबर 2021 ला ॲशली यांनी क्लब विकला आणि सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने नवे मालक आले. हर्षभरित पाठीराखे डोक्याला टॉवेल गुंडाळून, अरबी झगे घालून मैदानावर नाचले. ही मात्र गंमत चक्क मालकांपर्यंत पोचणारी होती! दोन आठवड्यांच्या आत क्लबचं निवेदन. नव्या मालकांपैकी कुणालाही वाईट वाटलेलं नाही हे आधी स्पष्ट केलं, मग हा पोशाख कुणाला खटकू शकतो, तरी कृपया टाळावा अशी विनंती. आणि आठवडा उलटायच्या आत दुसरं निवेदन: ज्यांना घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा. कुणाला काय वाटेल याचा दोन्ही अंगांनी विचार, आणि तोही महिनाभराच्या आत. चौदा महिने कुठेच नाहीत.

"असो," काका म्हणाले. काकांचा 'असो' आला की वाद संपला असं समजायचं. "ते ऐक, आपल्या सोसायटीच्या पोरांना रविवारी फुटबॉल शिकवायला एक सर मिळालेत. राज्य पातळीवर खेळलेले. जरा तोंडाळ आहेत. जाड्या, काळ्या, चष्मिश असं काहीबाही बोलतात. पण मुलं काय हसतात म्हणून सांगू!"

"सगळी हसतात?"

"सगळी. म्हणजे, सर ज्याला बोलतात तो सोडून."