शासनमान्य मूल्यांकनकार साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. मूल्यांकनकार साहेब,


बाबांच्या माघारी आम्हा भावंडांत घराच्या वाटणीचा विषय निघाला आणि आपला अहवाल हाती आला. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर इतका गुळगुळीत कागद लग्नपत्रिका सोडली तर येत नाही. सर्वप्रथम आभार.

आपण भिंती 'कच्च्या' लिहिल्यात. कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप, कच्च्याच त्या. दर वर्षी सारवल्या की नव्या होतात, पण आपल्या घसाऱ्याच्या कोष्टकात घराला फक्त म्हातारं होता येतं. 'उर्वरित आयुष्य : शून्य वर्षे' हे वाचलं, तेव्हा धाकटा भाऊ त्याच घरात चहा पीत होता. थोरलीच्या लग्नात सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं काढलेला चौक आपण 'भिंतीवर डाग' या सदरात घातलात. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती असल्याच डागांसाठी.

'पाणीपुरवठा'पुढे आपण नुसती रेघ मारलीत, हा मात्र अन्याय. मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. मुंबईत खिडकीतून तलाव दिसला तर फ्लॅटचा भाव चढतो म्हणे. आम्ही तर तलावच पाठवतो. त्याचे दोन रुपये तरी धरायचे होते.

सगळ्यांत कौतुक 'बाजारमूल्या'चं. बाजार म्हटला की गिऱ्हाईक आलं. घराखालची जमीन आदिवासी खातेदाराची. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे ती शासनाच्या पूर्वमान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. जमिनी सावकारांच्या घशात जाऊ लागल्या म्हणून घातलेली ही भिंत. आमच्या घराची तेवढी एकच पक्की. आपण ती मोजलीच नाहीत. रेडी रेकनर उघडलंत, दर गुणिले क्षेत्रफळ केलंत आणि सही ठोकलीत.

आकड्यानं काम मात्र चोख केलं. नाशिकचा भाऊ आपला हिस्सा रोख मागतो. बोईसरची बहीण म्हणते, त्याला देणार तर मलाही द्या. घरात राहणारा धाकटा म्हणतो, एवढी किंमत येते तर विकूनच टाका. कधीही न येणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे आम्ही सध्या वाटून घेत आहोत. वारशावरची इस्टेट ड्यूटी १९८५ सालीच बंद झाली, त्यामुळे हा आकडा सरकारलाही नको आहे.

आपल्या फीची पावती मिळाली. त्या रकमेत कौलं शाकारून झाली असती.

आपला नम्र,
एक सहहिस्सेदार

ता. क. : हे वाचणाऱ्या इतर वारसांसाठी. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला मूल्यांकन लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असेल तर तिथेही द्या. बहिणींची नावं गाळू नका. घर एकानं ठेवून इतरांना पैसे द्यायचे ठरलं, किंवा वाटणी कोर्टात गेली, तरच मूल्यांकनकाराला बोलवा. आणि आल्या आल्या त्याला आधी सातबारा दाखवा, घर नंतर.