गोगलगायीचं शहर

इटलीतल्या चार गावांच्या महापौरांनी 1999 साली ‘चित्तास्लो’ नावाची चळवळ काढली. शहरानं संथ जगावं, एवढंच म्हणणं. बोधचिन्ह गोगलगाय. सभासद व्हायचं तर लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत हवी. बिचारे! पन्नास हजारांत कोणीही संथ राहील. पुण्यानं ते पन्नास लाखांच्या वर जाऊन करून दाखवलंय, तेही वर्गणी न भरता.

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल लोकांना उगाच घाईनं पलीकडे नेईल अशी शंका होती. 2020 मध्ये तो पाडून शंकाच मिटवली. हिंजवडीला निघालेला अभियंता आता वाकडच्या पुलाखाली डबा खातो, गावाकडे आईला फोन करतो, श्वासावर लक्ष केंद्रित करतो. (श्वास खोल घ्यायचा मात्र आग्रह धरू नये.) पूर्वी यासाठी दहा दिवस रजा टाकून इगतपुरीला जावं लागे.

काही त्रुटी आहेतच. पदपथावरून दुचाकी दामटणारे उतावळे चळवळीला बट्टा लावतात. हा मोहच नको, म्हणून पदपथ काढून टाकावेत. बऱ्याच ठिकाणी ते काम कोणी न सांगता झालंय. वेळेवर पोचणाऱ्याला दंडही हवा.

परवा ‘संथ जगण्याची कला’ या सहाच्या व्याख्यानाला निघालो. साडेसातला पोचलो. वक्ते आठला आले. वाटेत एक रुग्णवाहिका तेवढी सारखा भोंगा वाजवत होती. तिला अजून हे जमलेलं नाही.