गाडी खाली घेणे आहे

कोल्हापूरच्या माणसाला नाद असतो आणि नादापायी आपण कुठल्या देशात आहोत याचा त्याला विसर पडतो. माझा मेहुणा शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या घरातला. कॉलेजात असताना बुलेटचा सायलेन्सर बदलून त्याने निम्म्या शाहूपुरीची दुपारची झोप मोडली होती. पुढे इंजिनिअर होऊन तो स्टुटगार्टला गेला. तिथे तो मोटारींच्या सीटचं सॉफ्टवेअर लिहितो. बटण दाबल्यावर सीट किती मागे सरकावी हे ठरवतो. त्याच्या स्वतःच्या गाडीत मात्र सीट मागे घ्यायला खाली वाकून लोखंडी दांडी ओढावी लागते, आणि याचा त्याला अभिमान आहे.

ही गाडी म्हणजे 1986ची पोर्शे 944. पोर्शे म्हटलं की आपल्याकडे उसने पैसे मागणाऱ्या नातेवाइकांची संख्या वाढते, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. ही त्या घराण्यातली धाकटी पाती. दोन दारं, मागे काचेचं मोठं झाकण, इंजिन पुढे, सिलिंडर चारच. जन्म स्टुटगार्टचा नव्हे, तर तिथून तासाभरावरच्या नेकारझुल्मचा, तोही औडीच्या कारखान्यातला. तिची थोरली बहीण 924 मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली, त्यामुळे अंगाखाली गोल्फ आणि बीटलचे भाग. 911वाले हिला पंगतीला बसवून घेतात, पण तूप वाढताना हात आखडतो. तरी हिच्यात एक गुण असा आहे की भले भले गप्प बसतात. गिअरबॉक्स पुढे इंजिनपाशी न ठेवता मागच्या चाकांपाशी नेल्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं पडतं. वळणावर ती आदळआपट करत नाही. सांगितलं तिकडे वळते, आणि हे आमच्या सासरच्या मंडळींत दुर्मीळ आहे.

आम्ही उन्हाळ्यात गेलो तेव्हा मेहुण्याने गाडी दाखवायला नेलं. गाडी चकचकीत होती. तो मात्र कपाळाला आठ्या घालून उभा.

"दाजी, गाडी उभी राहिल्यागत दिसतीय," तो म्हणाला.

"अरे, उभीच आहे की."

"तसं न्हवं. बसल्यागत दिसली पायजे."

गाडी बसवायची म्हणजे दोन गोष्टी: चाकं मोठी करायची आणि गाडी जमिनीकडे खाली घ्यायची. मूळ चाकं 15 इंची, गोल भोकांची. जर्मन लोक त्यांना टेलिफोनची चाकं म्हणतात. मला ती पाहताक्षणी आवडली. त्यांत बोट घालून पुण्याचा नंबर फिरवावासा वाटला. मेहुण्याला 17 इंची हवी होती. मी जन्माचा 'आहे ते असू द्या' पक्षाचा. त्याच्याच गावचा दाखला दिला. म्हटलं, छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते, ती तुझ्या या जर्मनीतच बनली. तिला कुणी अलॉय चाकं घातली का? त्यावर तो म्हणाला, "दाजी, ती चालत्या माणसाच्या वेगानं जाते. मला आउटोबानवर 180नं जायचंय." वादात कोल्हापूरकराला पुराव्याने हरवता येत नाही, जेवण आल्यावरच तो थांबतो.

चाकं त्याने जुनीच घेतली, स्वस्तात. 90च्या दशकातल्या पोर्शेची, झकास पाच आऱ्यांची. घरी आणून बसवली आणि चाकं बॉडीच्या आत गडप झाली. झालं होतं असं: चाक हबला जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. 1987च्या मॉडेलला एबीएस देताना पोर्शेने हा ऑफसेट बदलला. आधी साधारण 23 मिलिमीटर होता, तो 52वर नेला. मेहुण्याची गाडी 86ची, चाकं नंतरच्या घराण्यातली. म्हणजे चारही चाकं सुमारे तीन सेंटिमीटर आत. टायर आतल्या बाजूने स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाला, टेकलेला.

मग चाक आणि हब यांच्या मधे घालायच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, आणले. स्पेसर आले म्हणून लांब स्टड आले. चाकं बाहेर आल्यावर ती मडगार्डच्या आतल्या कडेला घासू लागली, म्हणून कड दुमडण्याचं यंत्र भाड्याने आलं. रंग तडकू नये म्हणून पत्रा आधी तापवायचा, त्यासाठी हॉट एअर गन आली. माझी बायको हे सगळं भावाच्या कौतुकाने पाहत होती. घरात मी पंख्याचा रेग्युलेटर बदलायला घेतला, तर हीच बाई "अहो, वायरमनला बोलवा" म्हणते.

खरी गंमत गाडी खाली घेताना आली. पुढे सोपं होतं, स्ट्रट काढायचा आणि आखूड स्प्रिंग घालायची. मागे स्प्रिंगच नाही! मागच्या प्रत्येक चाकाचा भार एका आडव्या पोलादी दांडीच्या पिळावर तोललेला असतो. टॉर्शन बारची ही कल्पना खुद्द फर्डिनांड पोर्शे यांनी 1931 साली पेटंट केलेली, आणि 1986च्या गाडीतही तीच नांदत होती. दांडीच्या दोन्ही टोकांना बारीक दाते असतात. गाडीची उंची बदलायची तर दांडी बाहेर खेचायची, दाता सरकवायचा आणि परत बसवायची.

यासाठी त्याने एक भाड्याचं वर्कशॉप घेतलं. जर्मनीत अशी असतात: लिफ्ट, पाने, तेलाची परात, सगळं तासाच्या हिशोबाने. मी बॅटरी धरायच्या कामावर. गंजलेला बोल्ट सुटेना तेव्हा मेहुण्याने जर्मन, मराठी आणि शेवटी अस्सल मंगळवार पेठी अशा चढत्या क्रमाने त्याला समजावलं. तिसऱ्या भाषेत तो सुटला. दांडी निघाली. पांढऱ्या खडूची खूण, एक दाता मागे, दांडी आत, सगळं घट्ट, गाडी खाली उतरवली. मागचं बूड पुढच्यापेक्षा उंच! परत लिफ्ट, परत बोल्ट. आता आतल्या टोकाचा दाता एका बाजूला, बाहेरचा दुसऱ्या बाजूला, कारण दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या वेगळी असते आणि त्या फरकातूनच बारीक माप मिळतं. असली गणितं मी स्कॉलरशिपच्या परीक्षेनंतर सोडवलेली नाहीत. तासाचा मीटर पळत होता. अखेर गाडी समतल बसली, आणि बसली म्हणजे अशी की वर्कशॉपच्या दारातल्या उंबरठ्यावरच पुढची रबरी पट्टी खर्रकन घासली.

"जाळ अन् धूर संगटच!" मेहुणा म्हणाला.

घरी जायच्या वाटेवर मला माझ्या पाठीचे एकेक मणके वेगळे मोजता येऊ लागले. मोठ्या चाकाचा टायर बारीक कडेचा, त्यात रस्त्याचा खड्डा शोषायला रबर उरत नाही. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते वाढलं की स्प्रिंगला आणि शॉक ॲब्सॉर्बरला आवरत नाही. आणि खाली घेतलेली गाडी वळणावर कमी कलंडते, हा तर पसरलेला गैरसमज. या जातीच्या गाडीत पुढची चाकं धरणारे आर्म आडवे असतात तोवर ठीक. गाडी खाली आणली की ते बाहेरून वर तिरके होतात, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे कलंडण्याची ओढ वाढते. ती लपवायला स्प्रिंग कडक करायची आणि मग कडक स्प्रिंगलाच उत्तम सस्पेन्शन म्हणायचं. शिवाय या गाडीचे ॲल्युमिनिअमचे आर्म खाली आणले की त्यांच्या बॉल जॉइंटला टोकापर्यंत वळावं लागतं. तिथे मोडलं तर चर्चेला कुणी उरत नाही.

पण गाडीला अडवलं ते यातल्या कशानेही नव्हे, कागदाने.

जर्मनीत 30 वर्षांवरची, बऱ्यापैकी मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर नंबरप्लेटच्या शेवटी एच हे अक्षर मिळतं. मग इंजिन केवढंही असो, वर्षाचा कर 191 युरो 73 सेंट. शिवाय स्टुटगार्टच्या ज्या भागात धुराच्या गाड्यांना बंदी, तिथेही प्रवेश. मेहुण्याच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. एच गेला तर ती शहराच्या वेशीबाहेर. बदल करायला बंदी नाही बरं का, पण बदलही जुनाच हवा. गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत जे होऊ शकलं असतं ते चालतं. हा नियम मला इतका आवडला की आमच्या सोसायटीच्या घटनेत घालायचा विचार आहे.

बदल मंजूर करून घ्यायला गाडी तपासणीला नेली. तपासनीस गृहस्थ सौम्य होते. टेप लावून उंची मोजली, खाली वाकून पाहिलं, कशालाही वाईट म्हटलं नाही. कागद मागितले. चाकांचा कागद होता. स्प्रिंगचा होता. स्पेसरचाही होता. पण ही चाकं, या स्प्रिंगा आणि हे स्पेसर तिन्ही एकत्र चालतात, असं सांगणारा कागद नव्हता. झालं. आपल्याकडे 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. आपल्याकडे नियम कडक आणि रस्ता मोकळा. तिथे नियम मोकळा आणि तपासनीस कडक. मेहुणा दोन्हीकडचा अनुभव घेऊन बसलाय.

त्या शनिवारी शेजारचे आजोबा जिन्याची झाडलोट करून बाहेर आले. श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या मुलखात, आठवड्याची झाडलोटीची पाळी चुकवणं म्हणजे कुलाचार चुकवणं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, गाडीभोवती फिरले, एकच प्रश्न विचारला: "रबर किती वर्षांचं?"

मेहुणा म्हणाला, "गाडीइतकंच."

आजोबांनी खांदे उडवले आणि झाडू घेऊन निघून गेले.

मूळ असावी की बदललेली, यावर घरात एवढं रणकंदन झालं. पण मूळ गाडी त्या घरात कुणी पाहिलेलीच नव्हती. सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात रबराचे बुश असतात. ते वाळून दगड झाले होते, काही तर पुडीतल्या तपकिरीसारखे हातात आले. शॉक ॲब्सॉर्बर दाबला तर आत जायचा, परत यायला त्याला घाई नव्हती. अशी गाडी वळणावर डुलते, मालक म्हणतो, "मूळ सस्पेन्शनच असलं," आणि नव्या कडक स्प्रिंगा घालतो. सुधारतं ते नव्या भागांमुळे, श्रेय मिळतं बदलाला. जगातल्या निम्म्या मॉडिफाइड गाड्या याच न्यायाने उभ्या आहेत, असं माझं मत आहे. ते मत मी मेहुण्याला जेवताना ऐकवलं, तेव्हा त्याने पांढरा रस्सा पुढे सरकवला.

सगळे बुश बदलले, शॉक ॲब्सॉर्बर कारखान्याच्या मापाचे, स्प्रिंगा आणि दांडी पूर्ववत, टेलिफोनची चाकं, नवे टायर, चाकांची अलाइनमेंट. एच टिकला. ए-81वरून आम्ही तिच्या जन्मगावाच्या दिशेने निघालो. पुढे हमरस्ता सोडून डोंगरातल्या वळणांवर आलो, तर पुढचं चाक नेमकं कुठे आहे हे स्टिअरिंगमधून हाताला कळत होतं. मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दाजी, ही गाडी मी विकतच घेतली नव्हती की." घरी आल्यावर तो पुन्हा म्हणाला की थोडी खाली असती तर दिसली भारी असती. नाद तो नादच.

तेव्हा जुनी स्पोर्ट्स गाडी बाळगणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: आधी बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर बदला, महिनाभर चालवा, मगच चाकांच्या दुकानात जा. तरीही जायचंच असेल तर स्टुटगार्टमध्ये 17 इंची चार चाकं वाजवी किमतीत मिळतील, सोबत स्पेसर फुकट. गाडी 1987ची किंवा त्यानंतरची असेल तरच विचारा.