ऑफरवाले काका

वय पन्नाशीपुढचे, शर्टाच्या वरच्या खिशात दोन सिमकार्डांचा फोन आणि कोणत्या कंपनीचा कोणता प्लॅन कधी संपतो हे तोंडपाठ, असा एक तरी गृहस्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीत असतो. त्यांनाच ऑफरवाले काका म्हणतात. ते फक्त पुण्यात सापडतात हा मुंबईकरांनी पसरवलेला समज आहे. डोंबिवलीपासून सांगलीपर्यंत आणि खाली मडगावातही त्यांची वस्ती दाट आहे. काकांना कंजूष म्हणणे मात्र शास्त्रशुद्ध नाही. कंजूष माणूस पैसे वाचवतो. काका ऑफर वाया जाऊ देत नाहीत, आणि त्यापायी वेळप्रसंगी पदरचे चार पैसे जास्तच घालतात.

काकांच्या स्वभावाचा उलगडा पत्रिकेवरून होत नाही, दरपत्रकावरून होतो. मोबाइल कंपन्यांनी जेव्हा जेव्हा दर बदलले, तेव्हा तेव्हा काकांच्या बोलण्याची लांबी, शुभेच्छांचा मुहूर्त आणि नातेवाइकांवरची माया बदलत गेली. कंपनीला आपण पुरते ओळखून आहोत, ही त्यांची श्रद्धा मात्र तीस वर्षे जशीच्या तशी आहे.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेला कॉल उचलण्याचेही पैसे लागत. काकांची जडणघडण याच व्यवस्थेत झाली. नव्वदीच्या अखेरीस त्यांनी हँडसेट घेतला तो कमरेच्या पट्ट्याला लावण्यासाठी. फोन वाजला की नंबर पाहायचा, कॉल कापायचा, जिना उतरून कोपऱ्यावरच्या नाण्याच्या डब्यापाशी जायचे आणि रुपया टाकून विचारायचे, ‘बोला, काय काम होते?’ समोरच्याने ‘सहज केला होता’ म्हटले, की तो माणूस पुढे वर्षभर काकांच्या मनातून उतरलेला राहायचा.

मिस कॉल ही त्या युगाची देणगी. तिचा शोध काकांनीच लावला असे खात्रीने सांगता येणार नाही, पण तिचे व्याकरण त्यांनी सिद्ध केले हे निर्विवाद आहे. एक रिंग म्हणजे सुखरूप पोहोचलो, दोन म्हणजे गेटपाशी उभा आहे, तीन म्हणजे कुकर लाव. अडचण एवढीच, की ही संहिता काकूंना कधीच पूर्ण पाठ झाली नाही. शिवाय एखाद्या दिवशी काकू फोनच्या अगदी जवळ असत आणि पहिल्याच रिंगला ‘हॅलो’ म्हणत. ‘अगं, उचललास कशाला?’ हे काकांचे त्यावरचे ठरलेले वाक्य. तेवढे बोलण्यात एक मिनिट कापले जाई आणि सुखरूप पोहोचल्याची बातमी द्यायची राहूनच जाई.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फुकटात निरोप पोहोचवण्याची ही युक्ती जाहिरातवाल्यांनी नीट निरखली. २०१३ च्या सुमारास हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार आणि झारखंडमध्ये ‘कान खजूरा तेसन’ नावाची सेवा सुरू केली. दिलेल्या क्रमांकावर मिस कॉल द्यायचा. कंपनी उलट फोन करणार आणि पंधरा मिनिटे गाणी, विनोद नि मधूनमधून साबण-शांपूच्या जाहिराती ऐकवणार. जिथे विजेचा आणि टीव्हीचा भरवसा नव्हता, तिथे जाहिरात अशी कानातून शिरली. महाराष्ट्रातही पुढे बँकेची शिल्लक, गॅसचे बुकिंग आणि पक्षाचे सदस्यत्व असे सगळे मिस कॉलवर आले. काकांनी याचा अर्थ ‘शेवटी कंपन्यांना आपली पद्धत पटली’ असा लावला.

२००३ साल काकांच्या चरित्रात फार महत्त्वाचे. त्या वर्षी मे महिन्यात इनकमिंग फुकट झाले. जुलैत रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन हाती देणारी ‘मान्सून हंगामा’ योजना काढली. नोकियाचा ११०० बाजारात आला तोही त्याच वर्षी. या फोनला टॉर्च होती आणि जगभर त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. काकांनी तो घेतला तेव्हा दुकानदाराला फोनबद्दल एक आणि टॉर्चबद्दल अनेक प्रश्न विचारले. हचच्या जाहिरातीतला मुलामागे धावणारा पग कुत्राही त्याच वर्षीचा. ती पाहून शहरांतून पगांना मागणी आली आणि सोसायटीतल्या एका बिऱ्हाडाने तसला कुत्रा विकतही आणला. काकांनी मात्र त्या जाहिरातीत कुत्रा पाहिलाच नाही. खाली बारीक अक्षरांत अटी काय आहेत ते वाचण्यात ते गुंतले होते. जाहिरातीतली बारीक अक्षरे वाचणारा भारतातला हा एकमेव वर्ग असावा.

इनकमिंग फुकट झाल्यावर काका मनमिळाऊ झाले. ज्यांचे फोन पूर्वी कापले जात त्यांना आता ‘कधीही करा हो, संकोच करू नका’ असे आग्रहाने सांगितले जाऊ लागले. आउटगोइंगचा हिशेब मात्र मिनिटावर होता. साठ सेकंदांवर एक सेकंद गेला तरी दुसरे मिनिट लागे. काका अठ्ठावन्नाव्या सेकंदाला फोन ठेवण्यात इतके तरबेज झाले की वाक्य पुरे होण्याचे बंधन त्यांनी केव्हाच झुगारले. ‘नानांची तब्येत तशी बरी आहे, फक्त डॉक्टर म्हणाले की...’ एवढे ऐकून नाशकातली माणसे रात्रीच्या गाडीने निघाल्याची उदाहरणे आहेत. नाना खुशाल होते. डॉक्टरांनी फक्त लोणचे बंद केले होते.

२००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि इतर कंपन्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. ग्राहकांना आनंद झाला. काकांना झाला नाही. वर्षानुवर्षांच्या रियाजाने कमावलेली विद्या एका रात्रीत कवडीमोल झाली होती. याच सुमारास आयडियाच्या जाहिरातीत डॉक्टर झालेला अभिषेक बच्चन चालता चालता फोनवर बोलायचा सल्ला देऊ लागला. काकांनी तो प्रमाण मानला. तेव्हापासून ते फोन आला की पायात चपला घालतात आणि पॅसेजमध्ये फेऱ्या मारत बोलतात. त्यामुळे त्यांच्या घरातली कोणतीही गोष्ट त्या मजल्यावर खाजगी उरलेली नाही.

सणांचा प्रश्न वेगळा होता. एसएमएसचा पॅक मारलेला असला तरी दिवाळी, नववर्ष अशा ठरावीक दिवशी तो चालत नसे. कंपन्या त्या दिवशी प्रत्येक संदेशाचे पूर्ण पैसे घेत. म्हणून काकांची दिवाळी वसुबारसेच्या आधीच येई आणि ‘इन अॅडव्हान्स’ हे शब्द काकांमुळे मराठी शुभेच्छेचा अविभाज्य भाग झाले. २०११ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने एका सिमवरून दिवसाला शंभर संदेशांची मर्यादा घातली, नंतर ती दोनशे केली. हा नियम जाहिरातींचा भडिमार करणाऱ्यांना आवरण्यासाठी होता, पण काकांनी तो मनाला लावून घेतला. नातेवाइकांच्या याद्या झाल्या आणि कोणाला सणाआधी तीन दिवस, कोणाला दोन दिवस अशा पाळ्या लागल्या. व्याह्यांकडच्या मंडळींचे नाव पहिल्या यादीत असे. तिथे चूक परवडण्यासारखी नव्हती.

२० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवला की प्रक्रिया सुरू होते. काकांनी हा संदेश वेळोवेळी पाठवलेला असतो, कंपनी मात्र क्वचितच बदललेली असते. संदेश गेला की कंपनीकडून मनधरणीचा फोन येतो, जाऊ नका म्हणून काहीतरी सवलत मिळते आणि काका राहतात. रुसून माहेरी जायची धमकी देऊन पाडव्याची साडी मिळवावी, तसा हा प्रकार आहे. मुलाबाळांनीही कधी काकांची एवढी मनधरणी केलेली नसते, हेही इथे नोंदवायला हवे. बोलणाऱ्या मुलीला ते ‘बाळा’ म्हणतात आणि तिच्या नोकरीची, शिफ्टची चौकशी करतात. तो कॉल कंपनीच्या खर्चाने चालू असतो.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले. आधी डिसेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत बोलणे आणि डेटा दोन्ही फुकट. काकांनी रांगेत उभे राहून घरातल्या प्रत्येकासाठी कार्ड आणले. हा त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ ठरायला हवा होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी मावसभाऊ, शाळेतले वर्गबंधू, जुने साहेब अशा सगळ्यांना फोन केले. तब्येत विचारून झाली, पावसापाण्याचे झाले, आणि बाराव्या मिनिटाला दोन्हीकडे शांतता पसरली. विषय पुरवण्याची सोय कोणत्याच प्लॅनमध्ये नव्हती. हळूहळू काकांचा नंबर दिसताच लोक ‘गाडी चालवतोय’ म्हणू लागले. त्यांत गाडी नसलेलेही होते.

फुकटचे दिवस संपल्यावर अठ्ठावीस दिवसांचा महिना रूढ झाला. अशा तेरा महिन्यांचे ३६४ दिवस होतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज. हे गणित काकांनी बाकड्यावर बसून सगळ्यांना समजावले, निषेध केला आणि स्वतःचा व्यवहार त्याच महिन्यावर बेतला. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये एकादशी नि संकष्टीच्या शेजारी निळ्या पेनाने घरातल्या पाचही नंबरांच्या रिचार्जतिथी लिहिलेल्या असतात. किमान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवा, असे ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना बजावले. काकांनी तो आजवर घेतलेला नाही. दोन दिवसांनी तिथ्या हलल्या तर सगळीच घडी विस्कटेल.

दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो आणि मध्यरात्री उरलेला बुडतो. काका साडेदहाला दिवा मालवतात, पण पाऊण जीबी उरला आहे हे कळल्यावर त्यांना झोप लागत नाही. मग अकरा ते बारा या वेळात गुडघेदुखीवरचे उपाय, हिमालयातले साधू, रेल्वेचा एखादा उंच पूल असे मिळेल ते उघडले जाते आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलले जाते. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने अफवांना किती आळा बसला ते अभ्यासकांनी सांगावे; काकांनी पाच-पाचच्या तुकड्या केल्या.

२०१७ मध्ये गूगलचे तेझ हे पैसे देण्याचे अॅप आले आणि पैसे दिल्यावर नखाने खरवडायचे कूपन मोबाइलच्या काचेवर दिसू लागले. प्रत्येक व्यवहाराला नवे कूपन मिळण्याची शक्यता असल्याने काका भाजीचे पैसे मेथी, टोमॅटो आणि आले यांचे वेगवेगळे देऊ लागले. भाजीवाल्या मावशींनी आधी सोसले, मग ‘काका, सुट्टे द्या नाहीतर मेथी ठेवा’ असे स्पष्ट सांगितले. काकांच्या कूपनातून बहुतेक वेळा पुढच्या खेपेच्या शुभेच्छाच निघत. कधी एखाद्या न ऐकलेल्या कंपनीच्या चष्म्यावर सूट मिळे, आणि ती वाया जाऊ नये म्हणून काका चष्मा घेत.

२०२४ च्या जुलैत खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा पुष्कळ लोक बीएसएनएलकडे वळले. काकांनी सावध पवित्रा घेतला. पुढच्या वर्षी ट्रायच्या आदेशावरून डेटा नसलेले, फक्त बोलण्याचे पॅक निघाले, ते त्यांनी एका सिमवर मारले आणि डेटाचा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या वायफायवर सोपवला. त्याचा पासवर्ड गणपतीत आरतीचे व्हिडिओ लावण्याच्या निमित्ताने मिळालेला होता. रेंज सर्वांत चांगली येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्यात, म्हणून संध्याकाळी काका पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसलेले असतात. तिथून कोण किती वाजता येते, कोणाकडे कोणते पार्सल जाते, कोणाच्या बादलीतून जिन्यात पाणी सांडते, हे सगळे दिसते. इतकी माहिती असलेल्या सभासदाला सोसायटी दोन-तीन वर्षांत बिनविरोध खजिनदार करते. पदभार घेतल्यावर त्यांचे पहिले काम ठरलेले असते: वॉचमनला दिलेल्या फोनचा प्लॅन बदलणे, आणि गेटवर पाहुणे आले की वर मिस कॉल किती रिंगचा द्यायचा, याचा कागद केबिनमध्ये चिकटवणे.