लास्ट किती?

परवा सकाळी नागपूरच्या इतवारीतल्या भांडे ओळीत एक काकू पितळेची परात घेत होत्या. परात उलटी करून पेराने वाजवली, काठावरून अंगठा फिरवला, मग काट्यावर ठेवायला लावली. 2 किलो 300 ग्रॅम. किलोचा भाव 850.

"भाऊ, लास्ट किती?"

"लास्टच सांगून राहिलो ना, काकू."

"तसं नाही, बरोबर लास्ट बोला."

820 झाले. काकूंनी पिशवी खांद्याला लावली आणि एक पाय पायरीखाली टाकला. "बोहनीची वेळ आहे भाऊ, फायनल सांगा. 790?"

"चला, घेऊन जा."

शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत 'लास्ट प्राइस' म्हणजे शेवटची किंमत, त्यापुढे बोलणं नाही. इतवारीत बोलणं सुरूच तिथून होतं. 'लास्ट' विचारलं की दुकानदार ओळखतो, हे गिऱ्हाईक नुसतं पाहायला आलेलं नाही. मग तो गल्ल्यावरून उठतो. आधी रेट, मग लास्ट, मग फायनल, असा हा क्रम आहे. इंग्रजीत लास्ट आणि फायनल सख्खे भाऊ असतील, भांडे ओळीत त्यांच्यामध्ये किलोमागे 30 रुपये असतात. आणि पाय कुठे आहे तेही बघायचं. दुकानात बसून विचारलेलं लास्ट वेगळं, पायरी उतरताना विचारलेलं वेगळं.

याला तुटकंफुटकं इंग्रजी म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो. पुण्याला रविवार पेठ आहे, नागपूरला इतवारी. आदित्यवाराचा इतवार करून तो आम्ही रोजच्या बोलण्यात मुरवला. 1956 पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. इथल्या दुकानांत शब्दाची जात विचारायची पद्धतच नाही. म्हणून लास्टला मराठी क्रियापदं आपोआप चिकटली: लास्ट लावा, लास्ट करा, लास्टमध्ये द्या. आता हा शब्द आमचा आहे.

आणि तो मोठ्याने विचारला जातो, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा. ही गोष्ट लहान नाही. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत आपल्या बाजारांत होती. दलाल आणि व्यापारी यांच्यात काय ठरलं ते माल आणणाऱ्या शेतकऱ्याला कळतच नसे. बाजाराला नियम हवेत हे विदर्भाने लवकर ओळखलं. कारंजाचा कापूस बाजार 1886 साली नियमांखाली आला, 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. भाव उघड्यावर बोलला जाणं हा गिऱ्हाइकाचा आणि शेतकऱ्याचा हक्क आहे. काकूंनी चारचौघांत 'लास्ट किती' विचारलं, तेव्हा तो हक्क वापरला.

पाकिटावर छापील किंमत असली तरी विचारायला लाजू नका. तिचं सरकारी मराठी नाव 'कमाल किरकोळ विक्री किंमत' आहे. कमाल म्हणजे त्याच्या वर नाही. त्याच्या खाली किती, हे विचारायला कायद्याची आडकाठी नाही.

मात्र या शब्दाला एक जबाबदारीही चिकटलेली आहे, आणि ती हल्ली पाळली जात नाही. लोक दुकानात येतात, दहा भांडी काढायला लावतात, लास्ट विचारतात, फायनल विचारतात. आपण मागितलेल्या भावाला दुकानदार तयार झाला, की मोबाइल काढून भांड्याचा फोटो घेतात आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघतात. त्याच फोटोवरून बसल्या जागी दुसरीकडून मागवतात. दुकानातल्या पोराने शिडीवर चढून काढलेली दहा भांडी पुन्हा शिडीवर चढून ठेवायची. हे मला साफ चुकीचं वाटतं. काकूंनी घासाघीस केली तरी दुकानदार हसत होता, कारण परात घरी जाणार हे दोघांनाही माहीत होतं.

नुसतं बघायचं असेल तर रेट विचारा, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण फायनल विचारलंत आणि तुमच्याच तोंडच्या भावाला समोरचा हो म्हणाला, तर मोबाइल खिशात ठेवा आणि परात घ्या.