सेटिंगवाले सर

लोहाऱ्यात ‘सेटिंग’ हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याचे डोळे आधी बारीक होतात. कुणाची, कुठं, कितीत? त्यामुळं मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात बसून दिवसभर सेटिंगविषयी उघड उघड बोलणारा इसम गावातला बहुधा सर्वांत निरुपद्रवी असतो, हे पटायला वेळ लागतो. हे सेटिंगवाले सर. ‘सर’ ही पदवी कुठल्या शाळेनं दिलेली नसते. संगणकाचं झाकण उघडून परत बसवलं आणि तो चालू झाला, की तालुक्यात माणूस सर होतो. सकाळी सातबारा, दुपारी पीकविम्याचे अर्ज, लग्नसराईत पत्रिका, असा धंदा रीतसर चालतो. जीव मात्र अडकलेला असतो संगणकाच्या पोटातल्या दुसऱ्या, हाताला न लागणाऱ्या संगणकाच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या बायॉसमध्ये, विंडोजच्या आधी जागं होऊन कुणाला उठवायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये. बघणाऱ्याला हे रिकामपणाचे धंदे वाटतात. माझ्या मते तालुक्यातला सगळ्यात हिशेबी गृहस्थ तोच.

पुरावा पत्रिकेचाच घ्या. ती पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टात बनते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आणि विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला कायमचा रामराम ठोकलेला. पण माकणी-सास्तूर-जेवळीहून आलेल्या वधूपित्याला हे कोण सांगणार? त्याला थोरलीच्या लग्नात होती तश्शीच पत्रिका हवी असते. ती जुनी फाइल योग्य फॉन्टाशिवाय उघडली, तर आजोबांपासून करवलीपर्यंत अख्खं खानदान इंग्रजी अक्षरांत आणि टिंबांत सांडतं. म्हणून नव्या लॅपटॉपच्या पोटात व्हीएमवेअर हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या पोटात पेजमेकर सांभाळणारा एक्सपी. तो एक्सपी रुसला की सीडीवरून दुरुस्त करायचा. पण सीडीआधी हार्ड डिस्क उठून बसते. हा मानपानाचा क्रम बदलायचा तो बायॉसमध्येच.

आणि तिथं शिरायचं कसं? सुरुवातीचा पडदा पापणी लवेपर्यंत निघून जातो. तेवढ्यात खिडकीच्या आत क्लिक करून एफ-टू दाबायचं. क्लिक चुकला तर तो एफ-टू बाहेरच्या विंडोजला लागतो आणि ‘वधूपक्ष फायनल’ या फाइलीचं बारसं सुरू होतं. काही लॅपटॉपांवर एफ-टू म्हणजे उजेड कमी करायचं बटण. तिथं स्क्रीनवर संध्याकाळ होते. “सर, पत्रिका कधी निघंल?” “थांबा मामा, बूट चुकला.” मामा स्वतःच्या वहाणांकडं बघतात. अखेर सर मशीनच्या व्हीएमएक्स फाइलीत बायॉसच्या बूट-डिलेपुढं ५००० लिहितात. आकडा मिलिसेकंदांचा, म्हणजे पडदा चांगला पाच सेकंद थांबतो. मग त्या करड्या पडद्यावर, जिथं माउसला कुणी विचारत नाही, अधिकचं चिन्ह दाबत सीडी-रॉमला हार्ड डिस्कच्या डोक्यावर बसवतात आणि एफ-टेननं शिक्कामोर्तब करतात.

यावर आक्षेप येतो, की खोट्या मशीनच्या खोट्या बायॉसची एवढी पूजा कशाला? उत्तर विजेत आहे. डेस्कटॉपचं खरं बायॉस अपडेट करताना लाइट गेली, तर मदरबोर्डच बसू शकतो; आणि आपल्याकडं लाइट मुहूर्त पाहून जात नाही. व्हर्च्युअल मशीनचं बायॉस आपलं म्हणणं एका छोट्या एनव्हीरॅम फाइलीत लिहून ठेवतं. बिघडलं तर ती उडवा, नवी आपोआप तयार होते. धाडस करायला इतकी स्वस्त जागा तालुक्यात दुसरी नाही. खऱ्या बायॉससमोर मात्र सरांना एकदा तरी हात जोडावेच लागतात, कारण प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असेल तर ती तिथंच चालू करावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त टोचरा आहे: व्हीएमवेअरच्या मेन्यूत ‘पॉवर ऑन टू फर्मवेअर’ असं आयतं दार असताना ही पळापळ का? इथं सरांची बाजू लंगडी पडते. दार त्यांना ठाऊक असतं. पण त्यातून गेलं तर गिऱ्हाइकाला कळतं, की हे कुणालाही जमेल. तेवढी हौस त्यांना माफ करायला हरकत नाही; पत्रिकेच्या बिलात ती लावलेली नसते. खरी पंचाईत होते ती तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, व्हर्च्युअलबॉक्सवर. त्याच्या साध्या बायॉसला सेटिंगचा पडदाच नाही. एफ-ट्वेल्व्हवर कशावरून बूट व्हायचं एवढंच ते विचारतं, बाकीचं बाहेरच्या खिडकीत. हे माहीत असूनही सर आधी एफ-टू दाबून बघतात, मग डिलीट, मग पुन्हा एफ-टू, जरा जोरात.