ढगात अडकलेले १८० रुपये

पन्हाळ्यावर पावसाळ्यात ढग वरून येत नाहीत. ते आपल्यासारखेच घाट चढून येतात, फक्त त्यांना नाक्यावर पावती फाडावी लागत नाही. आम्हाला लागली. "आपल्याच जिल्ह्यातल्या गडावर जायला आपणच कर भरायचा," असं पुटपुटत दाजींनी खिशातून सुट्टे काढले आणि पावती काचेला लावून टाकली. गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या गणपतीनंतरची ही गोष्ट. गंमत अशी, की वाघबीळपासून नाक्यापर्यंत दाजी मला अमेरिकेने लावलेल्या कराबद्दलच सांगत होते. इथे पावती हातात आली आणि ट्रम्पसाहेब काही क्षण अगदी घरचे वाटले.

दाजी जागतिक राजकारण कुस्तीसारखं बघतात. खासबागेच्या मैदानात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना दुसरं कसं बघता येणार? पुतिनने ढाक लावली, चीनने पट काढला, युरोप नुसताच शड्डू ठोकतोय, अशी त्यांची बातमीपत्रं असतात. कोण जिंकलं यापेक्षा डाव कोणता पडला, यात त्यांना रस. आपला पैलवान खाली गेला तर मात्र त्यांच्या मते पंच विकला गेलेला असतो.

तीन दरवाजाच्या वाटेवर आमची एक ठरलेली मावशी आहे. भाकरी, झुणका, खर्डा, भरीत, कांदा आणि मडक्यातलं दही. धुकं इतकं, की मावशीची चूल आधी दिसली आणि मावशी नंतर. आम्ही टेकलो आणि दाजींनी विषय पुढे ओढला.

"पन्नास टक्के टॅरिफ! आणि मुहूर्त बघ, सत्तावीस ऑगस्ट. ऐन गणेश चतुर्थी!"

"रिचार्जचं व्हय?" मावशी भाकरी उलटत म्हणाली. "ते कवाच वाढलं की. आमच्या घरात चार फोन हाईत. किराण्याच्या आधी त्येंचं पोट भराय लागतंय."

तिचंही चूक नव्हतं. टॅरिफ हा शब्द आपल्याकडे आला तो वीजबिलावरून आणि मग मोबाइलवरून. २०२४ च्या जुलैत कंपन्यांनी एकामागोमाग एक दर वाढवले, तेव्हा तो घरोघरी पोचला. जकात म्हटलं असतं तर मावशीला लगेच कळलं असतं. पण आपण आपले शब्द माळ्यावर टाकून दिलेत आणि आता परक्या शब्दांचं भाडं भरतोय.

दाजींनी फोड करून सांगितलं, की हा कर मालावरचा आहे, आपला माल तिकडे महाग होणार, मग तो कमी खपणार. मावशीने ऐकून घेतलं. मग पिठाचा हात झटकत म्हणाली, "म्हंजे फौंड्रीचं. आमचा धाकटा शिरोलीत हाय. गेला म्हैना वरटाइम न्हाई त्येला."

दाजी गप्प झाले. एवढ्या वेळात त्यांनी सांगितलेल्या डावपेचांत जे नव्हतं, ते तिने एका शब्दात सांगून टाकलं होतं. त्या 'वरटाइम'वर चार फोनांचं रिचार्ज बसत असणार. मी विषय बदलायचा म्हणून खर्ड्याचा जास्त मोठा घास घेतला आणि खरोखरच बराच वेळ मला काही बोलता आलं नाही.

डोळ्यांतलं पाणी पुसून मी युनेस्कोवर आलो. पन्हाळ्यावर बसून हल्ली तो विषय टाळता येत नाही. ११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यात रायगड, राजगड, शिवनेरीबरोबर आपला पन्हाळाही आहे आणि थेट तमिळनाडूतली जिंजीही. बातमी आली तेव्हा आम्ही कोल्हापुरात पेढे वाटले. मात्र हे गड नुसते बघायचे नाहीत. पन्हाळ्यावर माणसं राहतात. त्यामुळे आनंदाच्या पाठोपाठ 'आता घराला कौल घालायचं तरी पॅरिसला विचारायचं काय?' हा प्रश्नही निघाला. पेढा खाता खाताच निघाला.

आणि पुढे काय झालं? बरोबर अकरा दिवसांनी, २२ जुलैला, अमेरिकेने जाहीर केलं की आम्ही युनेस्कोतून बाहेर पडतो. म्हणजे पन्हाळा पुढच्या दाराने आत आणि अमेरिका मागच्या दाराने बाहेर. दाजींच्या मते हा निव्वळ योगायोग नाही. "बाजीप्रभूंचं नाव ऐकलं असणार," एवढंच ते म्हणाले.

"कायमची गेली?" मावशीने विचारलं. जणू एखाद्या घरची सून गेली असावी.

तसंच आहे म्हटलं. १९८४ च्या शेवटी एकदा रुसून गेली, २००३ ला आली. २०१८ च्या शेवटी पुन्हा गेली, २०२३ ला आली. आता २०२६ च्या डिसेंबरात पुन्हा जाणार. एवढ्या खेपा तर आमच्या आत्यानेही माहेरी केल्या नव्हत्या, आणि आत्याचा त्यात जिल्ह्यात लौकिक होता.

मावशीचा पुढचा प्रश्न मात्र मला अनपेक्षित होता. "मग जाताना मागली उधारी फेडली का त्येनी?"

जगातल्या भल्याभल्या विश्लेषकांचे लेख मी वाचलेत. पण इतका नेमका प्रश्न विरळा. कारण उधारी होतीच. २०११ मध्ये युनेस्कोने पॅलेस्टाइनला सदस्य करून घेतलं, त्या रागाने अमेरिकेने वर्गणी थांबवली आणि थकबाकी चढत चढत साठ कोटी डॉलरांच्या वर गेली. २०२३ ला परत येताना 'हप्त्याने फेडतो' असं कबूल केलं होतं. मावशीने मान हलवली. हप्त्याने फेडणारी गिऱ्हाइकं तिलाही असावीत.

दाजींना तेवढ्यात तंत्रज्ञान आठवलं. आता लढाया माणसं लढत नाहीत, यंत्रं लढतात, ड्रोन लढतात, हे सगळं आत्ताचं, असं ते म्हणाले. आत्ताचं? मी तीन दरवाजाकडे बोट दाखवलं. धुक्यामुळे बोटच दिसेना, पण मी ते दाखवलं.

याच गडाला १६६० च्या मार्चपासून विजापूरच्या सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. महाराज आत. गड दाद देईना. तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन नावाचा इंग्रज आपल्या माणसांसह उखळी तोफ आणि दारूगोळा घेऊन वर आला. त्या काळातलं हे अगदी नवंकोरं विलायती तंत्रज्ञान. त्याला विजापूरशी प्रेम नव्हतं आणि महाराजांशी भांडण नव्हतं. त्याला गोळे खपवायचे होते. दारावर येऊन मिक्सर चालवून दाखवणारा विक्रेता असतो ना, त्यातलाच प्रकार. फक्त याने चालवून दाखवताना शेजारी इंग्रजांचा झेंडाही रोवला. ही हौस नडली. जुलैतल्या पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून निसटले. त्यासाठी नेबापूरच्या शिवा काशीदांनी आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी काय मोजलं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, त्यावर मी वेगळं बोलायला नको. पण महाराज झेंडा विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, राजापूरवर छापा पडला, वखार गेली आणि रेव्हिंग्टन साथीदारांसह कैदेत गेला.

खरी मजा यापुढे आहे. तुरुंगातून या मंडळींनी सुरतेच्या मुख्य कचेरीकडे 'आम्हाला सोडवा' म्हणून लकडा लावला. कचेरीचं उत्तर कागदोपत्री आहे. त्याचा मथितार्थ असा : तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडला गेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात झेंडा लावून गोळे फेकायला गेलात म्हणून आत आहात, आणि हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. आपल्याकडच्या कोणत्याही यंत्राच्या तक्रार केंद्राला फोन करून बघा. 'वापर चुकीचा झाल्याने हमी लागू नाही' हे उत्तर साडेतीनशे वर्षं जुनं आहे आणि ते पहिल्यांदा पन्हाळ्यापायी दिलं गेलं, असा माझा दावा आहे.

"मग तोफंचं पैसं बुडालं की त्येंचं," मावशी म्हणाली.

कसले बुडतात! इंग्रज नुकसानभरपाई मागतच राहिले. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, त्याच्या यादीत राजापूरची भरपाई होतीच. दहा हजार होनांवर तोड निघाली, आणि त्यातली काही रक्कम पुढे जकातीत सूट देऊन वळती करायची ठरली. "म्हणजे टॅरिफ माफ!" दाजी ओरडले. सगळा इतिहास त्यांना त्या क्षणी समजल्यासारखा वाटला.

पोट भरलं, १८० रुपये झाले. रोख होती ती दाजींनी नाक्यावर दिलेली. मी फोन काढला, मावशीच्या फळीवरच्या चौकोनावर रोखला, आकडा टाकला. फोनवर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. मावशीजवळ ते बोलणारं डबडं आहे, पैसे आले की मोठ्याने सांगणारं. ते मुकाट बसून होतं.

"बोलायचं बी भाडं घेत्यात म्हैन्याला," ती म्हणाली, "आनि बोलत न्हाई. आमच्यात एवढी फुकट बोलणारी मान्सं असताना."

दाजींनी हे स्वतःवर घेतलं नाही.

मी समजावू लागलो, की पैसे इथून निघून क्लाउडमध्ये जातात, तिथून तुमच्या खात्यात. मावशीने भोवती पाहिलं. ढग दरवाजाच्या कमानीतून आत येऊन आमच्या ताटांवर बसला होता.

"मग हितंच कुठंतरी असतील," ती म्हणाली. "जावा तुमी. पुढच्या खेपंला बगू."

तिच्याकडे वही नव्हती. आमचं नाव, गाव, काहीच तिने लिहून घेतलं नाही. अंबरखान्यावरून परत येताना दाजी कधी नव्हे ते जगाविषयी काही बोलले नाहीत. वाघबीळला पोचलो तेव्हा रेंज आली आणि फोन दोनदा वाजला. पहिला संदेश होता, खात्यातून १८० रुपये गेले. दुसरा होता, व्यवहार अपूर्ण. म्हणजे पैसे माझ्याकडे नाहीत आणि मावशीकडेही नाहीत. मी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि मागे वळून पाहिलं. गड दिसत नव्हता. जिथे असायला हवा तिथे एक मोठा पांढरा ढग होता.

"ते बघ," दाजी म्हणाले, "तुझे एकशे ऐंशी."